नवा पेनड्राईव्ह, जुना कॉम्प्युटर : चालेल का आणि किती वेगानं?

घरातला कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचा, पण पेनड्राईव्ह, हार्ड डिस्क आणि फोनची केबल अगदी नवी. आपल्या बऱ्याच घरांत, शाळांच्या कॉम्प्युटर रूममध्ये आणि मोहल्ल्यातल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांत आज हेच चित्र आहे. म्हणूनच पालक आम्हा शिक्षकांना पुन्हा पुन्हा विचारतात, "सर, ये नया वाला पुराने में चलेगा क्या?"

थोडक्यात उत्तर असं की बहुतेक वेळा चालतं. पण दोघांत जो हळू, त्याच्या चालीनं चालतं. जुन्या पोर्टमध्ये दोन गोष्टी कमी असतात, वेग आणि वीज. वेग कमी पडला तर फक्त वेळ जातो. वीज कमी पडली तर घरचे फोटो, दाखले, मुलांचे प्रोजेक्ट असा सगळा डेटाच जाऊ शकतो. हा फरक समजला, की नवा कॉम्प्युटर घ्यायचा की आहे त्यावर भागवायचं, हे ठरवणं सोपं जातं.

यूएसबी म्हणजे काय?

पूर्वी कॉम्प्युटरच्या मागे प्रत्येक वस्तूसाठी वेगळं भोक असायचं. प्रिंटरचं मोठं, माऊसचं गोल, मोडेमचं आणखी वेगळं. हा गोंधळ मिटवण्यासाठी सगळ्यांना एकच सॉकेट असावं, या विचारातून १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेल कंपनीत या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे मूळचे भारतीय. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

यूएसबी करणाऱ्यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट पाळली. नवी आवृत्ती आली तरी जुनी वस्तू बाद होऊ द्यायची नाही. म्हणून आजचा पेनड्राईव्ह वीस वर्षांपूर्वीच्या पोर्टमध्येही बसतो.

कोणत्या पिढीचा किती वेग?

• यूएसबी १.१ (१९९८) : सेकंदाला १२ मेगाबिट
• यूएसबी २.० (२०००) : सेकंदाला ४८० मेगाबिट
• यूएसबी ३.० (२००८) : सेकंदाला ५ गिगाबिट, म्हणजे ५००० मेगाबिट

इथे बिट आणि बाईटमध्ये गल्लत करू नका. आपल्या फाईली बाईटमध्ये मोजतात आणि ८ बिटचा १ बाईट होतो. म्हणजे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाईट. प्रत्यक्षात २.० च्या पोर्टवर सेकंदाला साधारण ३० ते ३५ मेगाबाईट मिळतात.

आता हिशोब करू. घरच्या शादीचं ३२ जीबीचं रेकॉर्डिंग नव्या हार्ड डिस्कवर घ्यायचं आहे. १.१ च्या पोर्टवर सेकंदाला १ मेगाबाईटच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ नऊ तास लागतील. २.० वर साधारण १८ मिनिटं. ३.० च्या पोर्टवर साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाईट देत असेल, तर पाच-सहा मिनिटांत काम संपेल.

खरेदी करताना आणखी एक लक्षात ठेवा. नंतरच्या काळात ३.० चंच नाव आधी '३.१ जेन १' आणि मग '३.२ जेन १' असं बदललं. खोक्यावर '३.२ जेन १' दिसलं म्हणून ते ३.० पेक्षा वेगवान समजू नका. वेग तोच, ५ गिगाबिट.

आत नेमकं काय घडतं?

जुन्या यूएसबीत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. ३.० मध्ये या चार तशाच ठेवून पाच नवे संपर्क वाढवले, एकूण नऊ झाले. नवा पेनड्राईव्ह जुन्या पोर्टमध्ये घातला की नव्या पाच संपर्कांना समोर कुणी भेटत नाही. मग जुन्या चारांवरच काम चालतं.

वस्तू लावल्याबरोबर कॉम्प्युटर आणि ती वस्तू आधी एकमेकांची ओळख करून घेतात. तू किती वेगानं बोलू शकतोस, तुला किती वीज लागेल, अशी विचारपूस होते आणि दोघांना झेपेल तो वेग ठरतो. पटापट बोलणारा माणूस नवशिक्याशी सावकाश बोलतो ना, तसंच. म्हणून वेग कमी दिसला की पेनड्राईव्ह खराब निघाला, असं लगेच समजू नये.

आपला पोर्ट कोणता, हे कसं ओळखायचं?

पोर्टच्या आतली प्लास्टिकची पट्टी निळी असेल तर तो बहुधा ३.० आहे. काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा २.० किंवा त्याआधीचा. पण रंगाचा नियम सगळ्या कंपन्या पाळत नाहीत. शेजारी 'एसएस' ही अक्षरं असली तर ३.० ची खात्री जास्त.

विंडोजमध्ये डिव्हाईस मॅनेजर उघडून यूएसबीच्या यादीत 'एक्सटेन्सिबल' शब्द दिसला तर ३.० आहे. 'एन्हान्स्ड' दिसला तर २.०. दोन्ही नसतील आणि फक्त 'ओपन' किंवा 'युनिव्हर्सल' होस्ट कंट्रोलर असेल तर १.१. विंडोज एक्सपी तर कोपऱ्यात स्वतःच सांगतं की ही वस्तू याहून जास्त वेगानं चालू शकते. ती सूचना धोक्याची नाही, फक्त माहितीची आहे.

वयावरूनही अंदाज येतो. इंटेलच्या मदरबोर्डच्या मुख्य चिपमध्ये ३.० ची सोय २०१२ पासून आली. त्याआधीच्या बहुतेक कॉम्प्युटरवर २.० च सापडेल. एकाच कॉम्प्युटरला दोन प्रकारचे पोर्टही असतात, म्हणून पुढचे आणि मागचे दोन्ही पाहा.

कोणत्या कामाला जुना पोर्ट पुरतो?

कीबोर्ड आणि माऊसला वेग लागतच नाही. घरगुती प्रिंटरचं काम २.० वर आरामात होतं. उर्दू टायपिंगच्या दुकानांत इनपेजसाठी डोंगल लावलेला असतो, त्याला तर नगण्य माहिती पाठवावी लागते. तो नव्या पोर्टमध्ये लावून काहीच फायदा नाही. निळा पोर्ट हार्ड डिस्कसाठी मोकळा ठेवा.

शाळेचे दाखले, जन्माचे दाखले, निकाहनामा, घराचे कागद स्कॅन करून ठेवणारी कुटुंबं आता बरीच आहेत. एका पानाची फाईल १ मेगाबाईटची धरली तर शंभर पानं २.० च्या पोर्टवरून तीन-चार सेकंदांत जातात. एवढ्यासाठी नवा कॉम्प्युटर घेण्याची काहीच गरज नाही. मोठे व्हिडिओ आणि अख्ख्या कॉम्प्युटरचा बॅकअप, एवढ्यापुरताच वेगाचा प्रश्न येतो.

खरी काळजी विजेची

२.० चा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर देतो, ३.० चा ९००. पेनड्राईव्हला ५०० पुरतात. पण खिशात मावणाऱ्या फिरत्या हार्ड डिस्कला चकती फिरायला सुरुवात करताना १ ॲम्पिअरच्या आसपास वीज लागू शकते. जुना पोर्ट तिथे कमी पडला तर डिस्कमधून टिक-टिक आवाज येतो, ती दिसते आणि गायब होते, किंवा कॉपी मध्येच थांबते.

असं झालं तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाईल खराब होते. कधी कधी डिस्कवरची सगळी यादीच बिघडते आणि विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणून विचारू लागतं. त्या वेळी 'हो' दाबू नका. डिस्क काढा, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावून पाहा आणि आधी डेटा उतरवून घ्या.

उपाय सोपे आहेत :

१. डेस्कटॉप असेल तर डिस्क मागच्या पोर्टला लावा. तो थेट मदरबोर्डवर असतो. पुढच्या पोर्टपर्यंत आतून तार आलेली असते, तिथे वीज घटते.
२. डिस्कसोबत आलेली आखूड केबलच वापरा. लांब एक्स्टेन्शन टाळा.
३. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला, म्हणजे भिंतीच्या प्लगमधून वीज घेणारा यूएसबी हब घ्या. हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. नुसता एकाचे चार करणारा हब वीज वाढवत नाही, आहे तीच वाटतो.
४. काढताना 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ओढू नका. हळू पोर्टवर लिहिणं संपायला जास्त वेळ लागतो, म्हणून इथे ही सवय जास्त गरजेची.

टाईप-सी आणि केबलचा घोळ

टाईप-सी हे प्लगच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. टाईप-सी असूनही आत २.० चाच वेग असलेले फोन पुष्कळ आहेत. असा फोन ३.० च्या पोर्टला लावला तरी वेग वाढणार नाही.

फोन लावला, चार्ज होतोय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, अशी तक्रार नेहमी येते. आधी फोनवर 'फाईल ट्रान्सफर' निवडलंय का ते पाहा. तरीही दिसत नसेल तर दोष बहुधा केबलचा. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या नसतातच.

जुन्या चौकोनी पोर्टपासून टाईप-सीकडे जाणाऱ्या चांगल्या केबलमध्ये ५६ किलो-ओहमचा एक बारीक रेझिस्टर असतो. समोर जुना पोर्ट आहे, जास्त वीज ओढू नको, असं तो फोनला कळवतो. निकृष्ट केबलमध्ये तो चुकीचा असला तर फोन झेपणार नाही एवढी वीज मागतो आणि पोर्ट जळू शकतो. म्हणून शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी बिननावाची केबल घेऊ नये.

पोर्ट बसला, पण डिस्क उघडत नाही?

कधी अडचण पोर्टची नसते, डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीची असते. 'फॅट ३२' पद्धतीच्या पेनड्राईव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, मग पोर्ट कितीही वेगवान असो. मोठे नवे पेनड्राईव्ह 'एक्सफॅट' पद्धतीचे येतात. ते विंडोज ७ मध्ये उघडतात, पण एक्सपीला त्यासाठी वेगळं अपडेट लागतं. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कही साध्या एक्सपीवर अडतात. विंडोजनं फॉरमॅट करायला सांगितलं तर थांबा, आत डेटा असू शकतो.

वेग हवाच असेल तर

जुन्या डेस्कटॉपमध्ये यूएसबी ३.० चं कार्ड बसवता येतं. त्यासाठी मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची जागा मोकळी हवी. पुण्यात तापकीर गल्लीत कार्ड, हब, केबल सगळं पाहायला मिळतं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही असा माल दिसतो, पण तिथे लावून दाखवल्याशिवाय घेऊ नका. जाण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून न्या : कॉम्प्युटरचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि पेटी मोठी आहे की छोटी. कंपन्यांनी वापरून काढलेले छोट्या पेटीचे कॉम्प्युटर आपल्याकडे बरेच येतात, त्यांना अर्ध्या उंचीच्या पट्टीचं कार्ड लागतं. विंडोज ७ मध्ये ३.० ची सोय आधीपासून नाही, ड्रायव्हर टाकावा लागतो. विंडोज ८ पासून पुढे ती आहे. कार्डावर विजेचं वेगळं सॉकेट असेल तर तेही जोडून घ्या, नाहीतर विजेचा जुना प्रश्न तसाच राहील.

लॅपटॉपला असं कार्ड बसवणं बहुधा शक्य नसतं. तिथे मोठी कॉपी रात्री लावून ठेवणं आणि विजेसाठी ॲडॉप्टरचा हब वापरणं हाच शहाणपणाचा मार्ग.

एक विनंती शेवटी. घरचे महत्त्वाचे कागद आणि फोटो एकाच डिस्कवर ठेवू नका, दोन जागी ठेवा. कॉपी झाल्यावर चार-पाच फाईली उघडून पाहा, आणि मगच मूळ ठिकाणच्या पुसा. पोर्ट जुना असला तरी हरकत नाही, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच. पैसे मुलांच्या पुस्तकांना आणि फीला उपयोगी पडतील.