काटा कोणाच्या हाती?

देवळी हे कापसाच्या पेठेचे गाव. बाजार म्हणजे काय, हे येथील वाचकास आम्ही सांगावयास नको. मोबाईलवरील नव्या बाजाराविषयी आज जे वाद चालू आहेत, त्यांचे मूळ समजून घेण्यास कापसाच्या बाजाराइतका चांगला दाखला दुसरा नाही.

जुन्या काळी भाव रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरे, तोलणारा व्यापाऱ्याचाच माणूस असे, आणि कडत्याच्या नावाखाली वजनातून कापणी होई. कास्तकारास दुसरी पेठ जवळ नसे. गाडी भरून आणलेला कापूस परत न्यावा तर तेही परवडत नसे. म्हणून वर्धा नदीपलीकडील वऱ्हाडात १८९७ साली आणि अलीकडे मध्यप्रांतात १९३२ साली बाजाराचे कायदे झाले. पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला. त्यांचे सार असे, की हर्रास उघड व्हावा, तोलणारा परवान्याचा असावा आणि कपात ठरलेली असावी. नुकसान होण्याची वाट न पाहता हे नियम आधीच घालून दिले गेले.

आता नवा बाजार पाहा. येथे कंपनी आवार बांधते, इतरांस दुकाने मांडू देते, आणि पुष्कळदा त्याच आवारात आपलेही दुकान थाटते. कोणाचा माल दर्शनी ठेवावयाचा हे तीच ठरविते. कोणत्या मालास किती गिऱ्हाईक, ही वहीही तिच्याचपाशी. विक्रेता कंटाळला तरी जाणार कोठे? गिऱ्हाईक तेथे आहे म्हणून विक्रेते तेथे, आणि विक्रेते तेथे म्हणून गिऱ्हाईक तेथे, असा हा फेरा आहे.

आपल्याकडील २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणास गुन्हा मानीत नाही. मोठेपणाच्या गैरवापरास मानतो. त्याच आधारे स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. प्ले स्टोअर हवे असेल तर कंपनीची इतर ॲपेही फोनमध्ये आधीच घातली पाहिजेत, ही अट आयोगास गैर वाटली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

दंड मोठा खरा. पण चौकशीपासून निर्णयापर्यंत तीन वर्षे गेली. तेवढ्या अवधीत लहान प्रतिस्पर्धी गाशा गुंडाळून जातो. म्हणूनच युरोपीय संघाने २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आधीच बंधने घालणारा कायदा केला, आणि भारत सरकारनेही मार्च २०२४ मध्ये तशाच विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला.

यावर एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. आधीच घातलेले नियम नव्या उद्योगास जाचक ठरू शकतात. बाजार समित्यांचे परवानेही काही ठिकाणी नव्या व्यापाऱ्यास दाराबाहेर ठेवण्याचे साधन झाले, अशी तक्रार आपण ऐकतोच. म्हणून बंधने फक्त आवाराच्या मालकावर असावीत, आवारातल्या लहान दुकानदारावर नव्हेत, असे आम्हांस वाटते.

देवळीचा किराणा व्यापारी उद्या मोबाईलवर माल विकू लागला, किंवा कास्तकाराने तेथे सरकी-ढेपेचा भाव पाहिला, तर त्याने आधी एवढेच विचारावे : आवार कोणाचे, काटा कोणाचा आणि वही कोणापाशी? तिन्हींचे उत्तर एकच येत असेल, तर तेथे देखरेख हवी.