मत आहे, मताधिकार नाही : परदेशी नागरिकाच्या पक्षपसंतीचा अर्थ

मराठीत ‘मत’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मनात बनते तेही मत आणि मतपेटीत पडते तेही मत. बहुतेकांच्या बाबतीत या दोन अर्थांत अंतर पडत नाही. मात्र ज्या देशात आपण राहतो त्या देशाचे नागरिकत्व ज्याच्यापाशी नाही, त्याला पहिले मत असते, दुसरे नसते. अशा माणसाने ‘अमुक पक्ष मला बरा वाटतो’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे काय? आणि त्याच्या या पसंतीमागे नेमके काय आहे?

या प्रश्नांचे जिवंत उदाहरण इंदूरमध्ये सापडते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली असंख्य कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांच्या मागोमाग पुढील दशकांतही पाकिस्तानातून हिंदू सिंधी येत राहिले आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातील ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत मध्य प्रदेशातील भोपाळ व इंदूर हे दोन जिल्हे होते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत हा माणूस दुकान चालवतो, मुलांना शाळेत घालतो, कर भरतो. परंतु कायद्याच्या भाषेत तो परदेशीच असतो.

त्याचा कल कोणत्या पक्षाकडे असेल, हे सांगणे बाहेरच्यांना फार सोपे वाटते. ज्या पक्षाच्या सरकारने २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली आणि ११ मार्च २०२४ रोजी तिचे नियम अधिसूचित केले, त्याच पक्षाकडे, असे गृहीत धरले जाते. या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांसाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. ज्याचे आयुष्य कागदाच्या प्रतीक्षेत गेले, त्याला याबद्दल कृतज्ञता वाटली तर त्यात नवल नाही.

मात्र कृतज्ञता म्हणजे संपूर्ण सहमती नव्हे. हाच माणूस लहान व्यापारी म्हणून कररचनेवर नाराज असू शकतो. महागड्या खासगी शाळांच्या शुल्कामुळे सरकारी शाळांवर अधिक खर्च व्हावा, असे त्याला वाटू शकते. धर्माच्या आधारे झालेल्या छळातून आलेला असल्याने, नागरिकत्वाच्या कसोटीत धर्म असावा का, हा प्रश्नही त्याला पडू शकतो. उपकार, हित आणि तत्त्व या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जातील असे नाही. त्या वेगवेगळ्या दिशांना गेल्या की त्याच मनाला आपण ‘संमिश्र विचारांचे’ म्हणतो.

खुद्द इंदूर शहराचा राजकीय इतिहासही असाच संमिश्र आहे. १९६२ मध्ये या शहराने होमी दाजी या मुंबईत जन्मलेल्या पारशी कम्युनिस्ट कामगारनेत्याला अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. तेव्हा कापडगिरण्यांचा कामगार ही तेथील मोठी शक्ती होती. पुढे १९८९ ते २०१४ या काळात त्याच शहराने चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन यांना भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर सलग आठ वेळा निवडून दिले. दोघेही जन्माने इंदूरचे नव्हते. परंतु नागरिक होते, म्हणून त्यांचे ‘बाहेरचे’ असणे मतदारांच्या स्वीकाराने मिटले. परदेशी माणसासाठी हा मार्ग बंद असतो. २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतल्यावर इंदूरच्या २ लाख १८ हजार ६७४ मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले. कोणीच पसंत नाही, हे सांगण्यासाठीही नागरिकत्व लागते.

कायदा काय सांगतो, हे येथे नीट पाहिले पाहिजे. समानतेचा आणि जीविताचा हक्क राज्यघटनेने ‘व्यक्तीला’ दिला आहे; तो परदेशी माणसालाही लागू आहे. मात्र अनुच्छेद १९ मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य ‘नागरिकांना’ आहे. मतदान अनुच्छेद ३२६ नुसार फक्त नागरिकांचे. परकीय योगदान नियमन कायद्यानुसार राजकीय पक्षांना आणि उमेदवारांना परदेशी नागरिकाकडून पैसा घेता येत नाही. व्हिसावर येऊन प्रचारात उतरणेही अंगलट येते. एप्रिल २०१९ मध्ये पश्चिम बंगालमध्ये प्रचारात सहभागी झालेले बांगलादेशी अभिनेते फिरदौस अहमद यांचा व्हिसा रद्द करून त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. थोडक्यात, घरात किंवा मित्रांत विचार मांडणे वेगळे आणि निवडणुकीत हस्तक्षेप करणे वेगळे.

गोमंतकीय वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्त कायद्यानुसार गोव्यातील पहिले नागरिकत्व प्रमाणपत्र मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांना मिळाले. ते मूळचे गोव्याचेच, परंतु कागदोपत्री पाकिस्तानी होते. दुसरीकडे, पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारलेल्या गोमंतकीयाचे भारतीय नागरिकत्व कायद्यानेच संपते. त्याच्याकडे ‘ओसीआय’ कार्ड असले, तरी तो मतदार राहत नाही आणि पक्षाला देणगीही देऊ शकत नाही. याउलट, भारतीय पारपत्र कायम ठेवून परदेशात राहणारा गोमंतकीय मतदारयादीत नाव नोंदवू शकतो. मात्र मतदानासाठी त्याला स्वतः केंद्रावर यावे लागते.

यातला एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदीय निवडणुकीत मतदान करता येते. त्यामुळे स्विंडनमध्ये राहणारा भारतीय पारपत्रधारक गोमंतकीय तेथील खासदार निवडू शकतो. त्याचा पोर्तुगीज पारपत्रधारक शेजारी मात्र ते करू शकत नाही. लिस्बनच्या कागदाने त्याला युरोपची दारे उघडली, पण गोवा आणि ब्रिटन या दोन्हीकडे संसदीय मताधिकार राहिला नाही. पारपत्र बदलण्याचा निर्णय घेताना नोकरीइतकाच हाही हिशेब कुटुंबाने मांडायला हवा.

म्हणून परदेशी नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने आपली पक्षपसंती सांगितली, तर तिला निष्ठेचा दाखला मानू नये आणि उपरेपणाचा पुरावाही मानू नये. तिच्यात उपकार किती, हित किती आणि तत्त्व किती, हे त्याला विचारावे. त्यानेही ते वेगवेगळे करून सांगावे. मतदान करणाऱ्या नागरिकाने हेच तीन प्रश्न स्वतःला विचारले, तर त्याचेही विचार बहुधा संमिश्रच निघतील. फरक इतकाच की, त्याला निवडणुकीच्या दिवशी एक बटण दाबून ते मिश्रण एका निर्णयात उतरवावे लागते. परदेशी माणसाला ती संधी नसते. त्या निर्णयाचे परिणाम मात्र त्याच्याही वाट्याला येतात.