घड्याळाच्या पोलादी पट्ट्याची निगा

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या उन्हाळ्यात घाम आणि धूळ मिळून घड्याळाच्या पोलादी पट्ट्याच्या कड्यांत मळ साचतो. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम (किमान १०.५ टक्के) पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य थर निर्माण करते, तोच गंजास रोखतो. ब्लीच व खरखरीत घासणी यांमुळे त्यास इजा पोहोचते, म्हणून ती वर्ज्य.

पट्टा शक्यतो घड्याळापासून वेगळा करावा. कोमट पाणी व सौम्य साबण घेऊन मऊ टूथब्रशने सांधे हलके घासावेत. धुऊन लगेच कोरडा करावा, अन्यथा क्षारयुक्त पाण्याचे डाग उमटतात.

एचएमटीने १९६१ पासून बनविलेली चावीची घड्याळे अनेक घरांत वडिलांची आठवण म्हणून जपली जातात. जुने घड्याळ जलरोधक असेल असे गृहीत धरू नये. पट्टा निघत नसल्यास तो ओलसर कापडाने पुसणेच श्रेयस्कर. पट्टा नवा मिळेल. ते घड्याळ मिळणार नाही.