भूमिकेच्या आडून मन मोकळं
नाट्योपचार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन-कपाशीचं गणित बिघडलं की त्याची झळ घरातल्या शाळकरी मुलांनाही लागते. ती बोलून दाखवणं प्रत्येकाला जमत नाही. अशा मुलांना नाट्योपचाराचा, म्हणजे नाटकाच्या तंत्रांनी केलेल्या मानसोपचाराचा, उपयोग होऊ शकतो. पण त्याविषयी माहिती कमी आणि गैरसमज फार.

गैरसमज: ‘पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतो, नाटकं आहेत सगळी. नाहीतर बाहेरचं असेल, सैलानी बाबांच्या दर्ग्याला नेऊ.’
वस्तुस्थिती: भीतीनं, काळजीनं पोट खरोखर दुखतं. श्रद्धा आपल्या जागी. आधी डॉक्टरांना दाखवा. शरीराचं दुखणं नसेल, तर मनातलं बाहेर यायला नाट्योपचाराची मदत होऊ शकते.

गैरसमज: नाट्योपचार म्हणजे गॅदरिंगचं नाटक.
वस्तुस्थिती: इथे पाठांतर नाही, टाळ्या नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९२१ मध्ये व्हिएन्नात उत्स्फूर्त नाट्याचा प्रयोग केला. त्या वाटेनं पुढे ‘सायकोड्रामा’ ही उपचारपद्धती घडली. भूमिकांची अदलाबदल हे तिच्यातलं एक तंत्र. समजा, समोरच्या रिकाम्या खुर्चीत वडील आहेत असं धरून मुलगी विचारते, ‘बाबा, फी कधी भरणार?’ मग ती स्वतः त्या खुर्चीत बसते आणि वडिलांच्या तोंडून उत्तर देते, ‘माल अजून घरातच पडलाय. तुला कोणत्या तोंडानं सांगू?’ वडील गप्प का असतात, याचा तिला अंदाज येऊ लागतो.

गैरसमज: हे धीट, अभिनय येणाऱ्या मुलांसाठी आहे.
वस्तुस्थिती: लाजरं मूल मुखवट्याआडून किंवा हातातल्या बाहुलीच्या तोंडून बोलतं. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी २०१४ मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’मध्ये वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यावर नाटिका बसवू लागली. तो उपचार नव्हता. पण नाटक करायला मुळात ‘कलाकार’ असावं लागत नाही, हे त्यातून दिसलं.

गैरसमज: आपलं दुःख चारचौघांत सांगावं लागतं.
वस्तुस्थिती: सुरुवात बहुधा कल्पित पात्रापासून होते. स्वतःचं काही सांगायचं की नाही, हे मूल ठरवतं. सांगितलेलं बाहेर जाता कामा नये. अपवाद एकच: मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर गप्प बसायचं नाही.

गैरसमज: कोणतेही सर-मॅडम हा उपचार करू शकतात.
वस्तुस्थिती: नाट्यखेळ त्यांनी जरूर घ्यावेत. घरातली आत्महत्या, अत्याचार, जीव द्यायचे विचार यांना हात घालणं मात्र प्रशिक्षित तज्ज्ञाचं काम. मूल असं काही बोललं तर खेळ थांबवा, त्याला एकटं सोडू नका आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना गाठा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो वर्गातल्या फळ्याशेजारी लिहून ठेवायला खर्च काहीच नाही.