मालकांना विटकरी रंग हवा आहे

सकाळी १०. पेणच्या एका गणेशमूर्ती कारखान्याच्या संकेतस्थळाचं काम हाती आहे. मालकांचा फोन : "केशरी फार भडक दिसतोय, विटकरी करा." त्या केशरीचा कोड स्टाइलशीटमध्ये बटणं, मथळे, चौकटी असा सगळीकडे विखुरलेला. शिकाऊ मुलीनं लगेच 'फाइंड अँड रिप्लेस' उघडलं. तिला थांबवलं, कारण सवलतीच्या पट्टीलाही तोच कोड होता आणि ती पट्टी केशरीच राहायला हवी होती.

१०:३०. फाइलच्या माथ्यावर 'रूट' सिलेक्टर लिहिला. त्यात दोन डॅश देऊन '--मुख्य-रंग' हे नाव, पुढे कोलन आणि रंगाचा कोड. हेच सीएसएस व्हेरिएबल. जिथे हा रंग हवा तिथे आता कोड नाही, 'व्हार' आणि कंसात हे नाव. नाव देवनागरीत असलं तरी ब्राउझरला चालतं, पण सारखा कीबोर्ड कोण बदलणार? आम्ही रोमनच वापरतो, तेही सगळं लहान लिपीत, कारण लहान-मोठ्या अक्षरांत इथे फरक धरला जातो.

११. "ताई, '--केशरी' नाव सोपं नाही का?" सोपं आहे, पण आजच त्या नावाखाली विटकरी बसला असता. नाव कामावरून ठेवायचं.

१. डबा.

२. खरी गंमत इथे आहे. तळपट्टीच्या नियमात त्याच नावाला फिकट रंग दिला, तर तळपट्टीच्या आतल्या सगळ्या घटकांना तो वारशानं मिळाला. बाकी पान जसंच्या तसं. सॅस या प्रीप्रोसेसरमधली व्हेरिएबल्स फाइल ब्राउझरपर्यंत पोचण्याआधीच विरघळून जातात; ही पानावर जिवंत असतात. म्हणून डार्क मोडसाठी मीडिया क्वेरीत मोजक्या नावांच्या किमती बदलल्या आणि काम झालं. दुसऱ्या एका मीडिया क्वेरीच्या अटीत, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीच्या जागी, व्हेरिएबल टाकून तिनं पाहिलं. तिथे ते चालत नाही.

४. एक बटण पारदर्शक झालं. नावात एक अक्षर चुकलेलं. ब्राउझर अशा वेळी तक्रार करत नाही आणि त्याच बटणासाठी आधी लिहिलेल्या रंगाकडेही वळत नाही. 'व्हार'च्या कंसात स्वल्पविराम देऊन पर्यायी रंग लिहिला असता तर तो लागला असता.

५. जुन्या ब्राउझरांची चिंता तिला पडली. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१४ पासून आहे, क्रोम आणि सफारीत २०१६ पासून. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती कधीच आली नाही. आम्ही त्याचा नाद सोडलाय.

५:३०. मालकांना पान दाखवलं. "आधीचाच बरा होता हो!" एक ओळ बदलली, केशरी परत.

नवशिक्यांनी रंग आणि अंतरं यांपासून सुरुवात करावी. फाइलमध्ये एकदाच येणाऱ्या किमतीसाठी व्हेरिएबल करायची गरज नसते.