पहाटेची सायकल आणि अंगावरची ऊब

मार्गशीर्ष-पौषाचा गारठा पडला की राहात्याच्या पेरूच्या बागांवर सकाळी दव उतरते. त्याच वेळी नगर-मनमाड रस्त्याला सायकली लागतात. कोणी साकुरीवरून शिर्डीला हॉटेलात कामाला, कोणी बागेत तोडणीला, तर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची मुले-मुली सकाळच्या शाळेला निघालेली असतात. थंडीपायी कामगाराचा खाडा झाला तर रोज बुडतो, मुलांचा तास बुडतो. आपल्या कुटुंबांना दोन्हीही परवडणारे नाही. म्हणून सायकलवरच्या कपड्यांचा विचार घराघरांत व्हावा, असे आम्हास वाटते.

सायकलवर थंडी जास्त का वाजते? कारण वेगामुळे आपण स्वतःच वारा अंगावर घेतो. १० अंश सेल्सिअसची हवा ताशी १५ किलोमीटर वेगाने अंगावर आली तर उघड्या कातडीला सुमारे ८ अंशांइतकी गार लागते. पुढे पायडल मारून घाम येतो आणि सायकल थांबताच तोच घाम अंग गार करतो. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. त्यांच्या थरांमध्ये हवा अडकते व तीच ऊब धरते. उकडू लागले तर एक थर काढताही येतो.

विनयपिटकातील महावग्गात असाच प्रसंग आहे. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी ऐन हिवाळ्याच्या रात्री भगवान बुद्ध एक चीवर घेऊन उघड्यावर बसले. रात्रीचा पहिला याम सरताच थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मग तिसरे आणि पहाटे चौथे. स्वतः अनुभव घेऊन मगच त्यांनी भिक्खूंना त्रिचीवराची अनुज्ञा दिली. त्यांतली संघाटी दुहेरी, म्हणजे थर चारच झाले.

आपण काय करावे? आत कोरडे सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर स्वेटर. पिशवीत दुसरे बनियन ठेवावे व पोहोचल्यावर घामाचे बदलावे. स्वेटरच्या विणीतून वारा आत शिरतो. विंडचिटर नसेल तर सदरा आणि स्वेटरच्या मध्ये छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी घालावी. टूर द फ्रान्स या शर्यतीतले सायकलपटूही घाट उतरताना हीच युक्ती करत आले आहेत. हातमोजे चैनीचे नव्हेत. बोटे आखडली तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. कानटोपी घालावी, पण मागचा हॉर्न ऐकू यावा. भगिनींनी पदर, ओढणी नीट खोचावी. शाल मोकळी सोडू नये, चाकात अडकते.

थंडी आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. पहाटेच्या धुक्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक रस्त्यावर असतात. काळा किंवा तपकिरी स्वेटर चालकाला दिसत नाही. त्यावरून एखादा जुना पांढरा सदरा चढवावा, मागच्या मडगार्डला व दप्तराला रेडियमची पट्टी चिकटवावी. खर्च थोडा, पण जीव वाचतो.

शेवटी एक सांगणे. पुष्कळ घरांत स्वेटर आधी मुलाला मिळतो आणि मुलगी आईची शाल गुंडाळून जाते. घरात एकच स्वेटर असेल तर जो सर्वांत आधी सायकल बाहेर काढतो, त्याच्या अंगावर तो असावा. मग तो मुलगा असो वा मुलगी.