ट्रेचं वळण

चाकणला किंवा नाशिकच्या अंबडला एखादा कारखाना उभा राहत असतो, तेव्हा छताखालून जस्त चढवलेले चकचकीत केबल ट्रे रांगेने निघालेले दिसतात. सरळ धावेत कारागिरी फारशी नसते. तुकड्याला तुकडा कपलर प्लेटने जोडत गेलं की झालं. कसब लागतं ते वळणावर. तयार एल्बो, टी, रिड्यूसर बाजारात मिळतात आणि ड्रॉइंगमध्येही तेच दाखवलेले असतात. पण साइटवर नेमक्या त्याच जागी फायर लाइनचा पाइप आलेला असतो, नाहीतर बीम चार बोटं खाली उतरलेला असतो. मग फिटर सरळ तुकडाच पुढ्यात घेतो आणि हेल्परकडे गुण्या मागतो.

समजा, भिंतीशी आलेला ट्रे वर चढवायचा आहे. रुंदी 300 मिमी, बाजूच्या कडा 50 मिमी उंच. तळ सहज मुडपतो, अडतात त्या कडा. त्यांचा पत्रा एकमेकांवर चढू लागतो. तेवढा पत्रा त्रिकोणी खाच घेऊन आधीच काढावा लागतो. त्याचं गणित असं: घडीच्या कोनाचा निम्मा घ्यायचा, त्याच्या टॅनने कडेची उंची गुणायची आणि ते माप घडीच्या रेषेच्या दोन्ही अंगांना टाकायचं. काटकोन एका घडीत करायचा तर खाच वर 100 मिमी रुंद होते. तोच 30 अंशांच्या तीन घड्यांत केला, तर प्रत्येक खाच साधारण 27 मिमीची. मुरलेल्या फिटरला ही मापं तोंडपाठ असतात.

एक घडी लवकर होते, तरी तीनच घालाव्यात. कारण वळण केबलसाठी असतं आणि जाड आर्मर्ड केबल काटकोनात वळत नाही. आयएस 1255 या भारतीय मानकानुसार लो टेन्शनच्या मल्टिकोर केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या किमान बारा पट हवी. 50 मिमी जाडीच्या केबलला 600 मिमी. तीन घड्या एकमेकींपासून सुमारे 320 मिमीवर ठेवल्या की ही त्रिज्या ट्रेमध्ये नीट बसते. एकाच घडीच्या कोपऱ्यात हीच केबल तळ सोडून अधांतरी राहते. ट्रे खाली उतरत असेल तर त्याहून वाईट, सगळा भार एका धारेवर येतो. उतरत्या वळणाला खाच लागत नाही. कडांना सरळ काप दिला की घडी घालताना तो आपोआप उघडतो, आणि ती फट पत्र्याची पट्टी रिवेट करून बुजवायची. ट्रंकिंगचं, म्हणजे झाकणाच्या बंद ट्रेचं, तंत्र हेच, फक्त त्याचं झाकणही त्याच मापाने वेगळं कापावं लागतं.

कापताना ग्राइंडरची चकती रेषेच्या किंचित आत ठेवतात, उरलेलं कानशीने उतरवतात. खाचेचं टोक तळाशी थांबलंच पाहिजे. काप तळात शिरला की घडी तिथूनच फाटते. छिद्रांच्या ट्रेमध्ये आणखी एक अडचण असते. घडीची रेषा भोकांच्या रांगेजवळ आली, तर पत्रा आखलेली रेषा सोडून भोकांतून वळतो. म्हणून रेषा थोडी सरकवून घ्यायची. मग दोन अँगलमध्ये ट्रे आवळायचा, दोन्ही हातांनी सारख्या जोराने उचलायचा आणि प्रत्येक घडीला कोन तपासायचा. शेवटी कापलेल्या कडेवरून सुती चिंधी फिरवतात. एक धागा जरी अडकला, तरी पुन्हा कानस. ती कूस राहिली तर पुढे केबल ओढताना तिचं कवच चिरतं, आणि ते वरून कुणालाही दिसत नाही.

ग्राइंडरने कापलेल्या कडेवर जस्त उरत नाही, म्हणून तिथे झिंकचा रंग लावणं आलंच. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर यात कुचराई चालतच नाही. ट्रे पूर्ण कापून तिरका जोडला असेल, तर सांध्यावरून अर्थिंगचा जंपरही हवा. तिथे नुसत्या रिवेटवर भरवसा ठेवू नये.

एवढं सगळं करूनही बऱ्याच कंत्राटांत ट्रेचं काम रनिंग मीटरवर मोजलं जातं. सरळ मीटर आणि वळणाचा मीटर, दोन्हींना दर एकच. त्यामुळे घाईत एका घडीचं वळण मारणाऱ्याचं बिल मोठं होतं आणि तीन घड्या घालून कडा घासत बसणाऱ्याचं लहान. हाताने केलेलं वळण नगावर मोजावं आणि त्याचा दर घड्यांवरून ठरवावा. ही नोंद निविदेतच व्हायला हवी. साइटवर काम सुरू झाल्यावर फिटरचं कोण ऐकतो?